पडवळाचे खडे

"माझं कुणी ऐकलं नाही, बाबा. एकानेही नाही. आता दोष कुणाला देऊ, तेवढं सांगा."

गोसावीबाबा लाल माठाचं बी राखेत कालवत होते. मान वर केली नाही.

"विचारायला आलीस, की ठरवून आलीस?"

"ठरवून आलेय. तुमचं फक्त हो पाहिजे."

मी गोड बोलत नाही. दुसऱ्या दिवशी घरी नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. आम्हाला मूल नाही, म्हणून पिंड द्यायला धाकटा दीर भिकाजी येणार होता. शेजारच्याच घरात राहतो. वर्षभरात त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि त्याला उंबरा चढू देणार नव्हते. सासू म्हणाली, आधी टेकडीवर जाऊन बाबांना विचार. म्हणून आले होते.

बाबा म्हणाले, सांग. मी सांगितलं.

घरामागचं आमचं परडं दर्याला लागून. परड्यात माझा पडवळाचा मांडव. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दोरीने खडा बांधतात. दर्यावरून वारा आला की सगळे खडे घराकडे कलतात. वाऱ्यातलं मला तेवढंच कळतं, पण पक्कं कळतं. गेल्या साली दसरा झाल्यावर एका सकाळी बघते तर खडे उलटे, दर्याकडे ओढल्यासारखे. मी ओटीवर येऊन म्हटलं, वादळ येतंय, आज कुणी घराबाहेर पडायचं नाही.

भिकाजी आमच्याकडे चहा पीत बसला होता. त्याच्या मोबाइलवर ऊन दाखवत होतं. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मोरूदादा, वहिनीच्या पडवळाला विचार रे, माझं लग्न कधी जमतंय."

अख्खी ओटी हसली. हेही हसले.

दुपारी वादळ आलं. हे परड्यात गेले, आणि अंगावर माड पडला...

"भिकाजी हसला नसता तर हे घरात बसले असते," मी म्हटलं. "त्याने मला खोटी पाडली, म्हणून गेले."

बाबा बी कालवत राहिले.

टेकडीवरून खाडीपलीकडचा डोंगर दिसतो. बोलता बोलता बघितलं, तो हात लावावा इतका जवळ आला होता. असा जवळ दिसला की पावसाची सर चुकत नाही.

"बी आज टाकू नका, बाबा. सर येतेय. वाहून जाईल."

बाबा उठले. बाहेरची लाकडं उचलून मठीत ठेवली. दोरीवरची कफनी काढून आत टाकली. दार लोटून घेतलं. मग परत आले, वाफ्याशी बसले आणि बी टाकायला लागले.

"घ्या," मी म्हटलं. "तुम्हीपण माझं ऐकलं नाहीत."

"लाकडं आत का नेली मग?"

मी लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"त्या दिवशी तू सांगितलंस, तेव्हा तुझ्या घरधन्याने काय केलं?"

"हसले."

"हसून झाल्यावर?"

...

यांनी गाय गोठ्यातून सोडून पडवीत आणून बांधली. ओटीला झावळ्यांची झापं बांधली. विहिरीवरचा पंप काढून घरात ठेवला. सासूला मधल्या खोलीत नेऊन बसवलं. मला म्हणाले, तू बाहेर येऊ नकोस.

"भिकाजी होता का मदतीला?"

"तो घरी जाऊन झोपला होता."

"मग ऐकलं कुणी?"

थेंब पडायला लागले होते. बाबा जागचे हलले नाहीत.

मी त्यांच्या अंगावरच गेले. "ऐकलं होतं, तर परड्यात कशाला गेले?"

"कशाला गेला?"

"मांडव... माझा मांडव उतरवत होते. वारा तोडून नेईल म्हणून." मी पदराने तोंडावरचे थेंब पुसले. "माड बाजूला केला तेव्हा पडवळं हातातच होती यांच्या. खड्यांसकट."

बाबांनी शेवटची मूठ वाफ्यात सोडली. सर आली ती एकदम आली. माठाचं बारीक काळं बी राखेच्या पाण्यातून उताराला लागलं. बाबा बघत राहिले. हात आडवा घातला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं वाहून जाणार," मी म्हटलं.

"होतं."

"मग?"

"ऐकणारा थांबतोच, असं तुला कुणी सांगितलं, बाय?"

मी खाली बसले. चिखलातच बसले.

"मग मी रागवू कुणावर?"

"नाव घे त्याचं."

"नवऱ्याचं नाव नाही घेत मी. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

"म्हणून वर्षभर दुसऱ्याचं घेतेस."

पाऊस डोक्यावर कोसळत होता. मी तोंड उघडलं. नाव दातांपर्यंत आलं... आणि तिथंच राहिलं.

"उद्या भिकाजी येईल," बाबा म्हणाले. "त्याला पाट मांड."

मग राखेने भरलेला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. माझ्याच्याने झालं नाही ते त्यांनी केलं.

"मोरेश्वर."