साळुंकी आणि घरटे मोडणारा सुगरण

नदीकाठच्या एका रानात एक तरुण साळुंकी राहत असे. मुलांनो, दुसऱ्यांच्या वाईट सवयी सोडवण्याचे तिला भारी वेड. अडल्यानडल्यांना वाट काढायला मदत करणारे एक म्हातारे घुबड होते, त्याच्याकडे ती हे काम शिकत होती. एके दिवशी घुबड म्हणाले, "आजचा पक्षी तुझा. तूच बघ." आनंदाने तिचे पाय फांदीवर ठरेनात.

आलेला पक्षी होता सुगरण. या पक्ष्यांची रीत अशी, की नराने अर्धे घरटे विणायचे, मादीने ते आतून-बाहेरून पारखायचे आणि पसंत पडले तरच संसार मांडायचा. हा पठ्ठ्या विणकामात एकदम पटाईत. पण माद्या पाहायला यायच्या सुमारास स्वतःच घरटे उसकटून टाके! "ताई, पावसाळा सरत आला," तो रडवेला होऊन म्हणाला. "यंदा माझ्या घरट्यात पिल्लं नाहीतच का?"

साळुंकीने लगेच तोंडाचा पट्टा सोडला. धीर कसा धरावा, मेहनत वाया का घालवू नये, सारे सांगून झाले. सुगरणाने मान डोलावली, "आता नाही मोडणार," म्हणाला आणि दुपारी घरटे मोडून मोकळा झाला. आता जेमतेम एका घरट्यापुरते हिरवे गवत उरले होते.

साळुंकी हिरमुसून घुबडाकडे गेली. "आजोबा, मी एवढं सांगितलं, तरी त्याने ऐकलं नाही."

"तुझं सांगून झालं ना? आता त्याला विचार," घुबड म्हणाले. "आणि उत्तर येईपर्यंत चोच मिटून बस." साळुंकीला ही शिक्षाच वाटली.

नवे घरटे अर्ध्यावर आले, तेव्हा ती शेजारच्या फांदीवर जाऊन बसली. दुरून माद्यांच्या पंखांची फडफड ऐकू आली मात्र, सुगरणाची चोच थेट घरट्याच्या गाठीवर गेली. 'मोडू नकोस' हे शब्द साळुंकीने कसेबसे गिळले.

"दादा, आत्ता मनात काय आलं?" तिने विचारले.

सुगरण थबकला. साळुंकी गप्प बसून राहिली.

"मागच्या वर्षी एकीनं नाक मुरडलं होतं," तो हळूच म्हणाला. "त्यांनी नको म्हणण्याआधी आपणच मोडलेलं बरं वाटतं."

"मग गाठ न ओढता या वेळी तुला काय करता येईल?"

"उडून जाता येईल," तो म्हणाला आणि स्वतःच चकित झाला. "गवत आणायला जातो मी."

तो भुर्रकन गेला. पहिली मादी आत डोकावली आणि निघून गेली. सुगरण परतला तो नेमका तेव्हाच. त्याने नापसंत झालेल्या घरट्याकडे पाहिले. ते जसेच्या तसे लटकत होते.

"अजून आहे की," तो म्हणाला आणि सैल टाका आवळायला बसला.

इतक्यात दुसरी मादी आली. या वेळी तो गवताचे पाते चोचीत घट्ट धरून तिथेच थांबला. ती आत शिरली, तिने दोन-चार काड्या ओढून पाहिल्या आणि आतच ऐसपैस बसली. साळुंकी फांदीवर थुईथुई नाचू लागली. केवढे तरी बोलायचे होते तिला! पण सुगरण घरट्याच्या दाराची खाली लोंबणारी नळी विणण्यात इतका गुंगला होता, की साळुंकी तिथे आहे हेही तो विसरला होता. साळुंकीने आपण होऊन चोच मिटली. एवढा आनंद तिला बोलूनही कधी झाला नव्हता.

तात्पर्य : सवय कुठून उठते हे ज्याचे त्याला दिसले, की ती बदलण्याची वाटही तोच शोधतो; मदत करणाऱ्याने विचारावे आणि धीराने ऐकावे.