बाभळीवरची दुसरी शाळा

झाडं झोपेत बोलायची, त्या काळची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला झुलणाऱ्या एका मोठ्या घरट्यात सुगरणींची शाळा भरायची. पिल्लं इतकी वाढली, की शाळा पाण्याला टेकायला आली. दुसरी विणण्यासाठी प्रत्येकीने आपल्या घरट्यातलं गवताचं एक पातं द्यायचं ठरलं.

“माझी पिल्लं केव्हाच उडून गेली,” म्हातारी सुगरण म्हणाली. “मी कशाला देऊ?”

दुपारच्या झुळकीत बाभूळ झोपेत पुटपुटली, “तू शिकलीस त्या शाळेत एका होला पक्ष्याने दिलेली काडी आहे. त्याला तर पिल्लंच नव्हती.”

मग म्हातारीने चोचीने आपल्याच भिंतीतलं एक पातं ओढून काढलं.

आता तिच्या घरट्याला एक फट आहे. त्या फटीतून वारा आत येतो, आणि दोन शाळांचा गलका.