पोवळ्याच्या पोटातलं घर

पोवळ्याच्या दगडात जन्मभर राहणारा जीव पोवळ्याचाच म्हणायचा का? बाबलने साऱ्या गावाला विचारलं.

एका बंदरगावात हा बाबल आणि त्याची ताई जयवंती राहत. ताई किनाऱ्यावरचे पोवळ्याचे दगड गोळा करी. काहींवर बारीक भोकं असत. ती म्हणे, "आत एक जीव चुन्याचं घर बांधतो. लोक त्याला शिंपला समजतात, पण तो खेकड्या-कोळंबीच्या गोतातला. पोवळं वाढतं आणि त्याचं घर झाकून टाकतं." लोक हसत.

पावसाळा सरताना ताई तापाने गेली. मागे तीन दगड राहिले. दोन किनाऱ्यावरचे. तिसरा डोंगराकडची विहीर खणताना निघालेला, फार फार जुना.

तालुक्याच्या संग्रहालयाचे अप्पा ते दगड बघायला आले. म्हणाले, "असलं पोवळं आमच्याकडे पोतंभर आहे. आत वेगळा जीव दाखव, तर नेतो. परवा सकाळी येईन."

चुन्याच्या भट्टीचा भिवा दारातच उभा होता. "नाहीतर दगड मला दे. भाजून चुना बरा होईल."

बाबलचे हात कालवं फोडायला सरावलेले. त्याने हातोडी घातली. पोवळं फुटलं, आतल्या घराचाही भुगा झाला. चिडून दुसरा दगड घेतला. तोही गेला.

आता एकच उरला, विहिरीतला. हातोडी वर गेली आणि तिथेच थांबली. ताई नेहमी सांगे, "ठोकू नको रे बाबल्या, खरवड." तो म्हणे, "तुझं खरवडून होईतो भरती येईल!"

त्याने ताईची गोधडीची सुई काढली. दोन दिवस कण कण खरवडला. सुई सटकली की तो थांबून ती पुन्हा बेताने टेकवी. अप्पांची पावलं अंगणात वाजली, तेव्हा शेवटचा कण निघाला. इवलंसं शंकूसारखं घर मोकळं झालं. तोंडावरच्या झाकणाच्या पट्ट्या अजून मिटलेल्या होत्या.

अप्पांनी भिंग लावलं. दगड उजेडाकडे वळवून पाहिला.

"हा शिंपला नव्हे. समुद्र हटला, पोवळं मेलं, तरी याचं घर राहिलं. जयवंतीचं बरोबर होतं. याला वेगळा खण देतो. खणाच्या चिठ्ठीवर काय लिहू?"

"मी लिहितो," बाबल म्हणाला. तो दोनच इयत्ता शिकलेला. वाकड्या अक्षरांत त्याने ताईचं नाव लिहिलं आणि तिची सुई दगडाशेजारी ठेवली.

तात्पर्य: घाईने ठोकणाऱ्याच्या हाती भुगाच येतो, गेलेल्या माणसाचा खरेपणा हलक्या हाताने, धीर धरूनच वर काढावा लागतो.