धाकू लोहाराचा डोळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खारवंडीच्या खाडीवर तेव्हा ना धक्का होता ना दिवा. होता तो कोळीवाडा, आणि त्याच्या टोकाला धाकू लोहाराची भट्टी.

धाकू कोळ्यांसाठी सुऱ्या घडवायचा. समुद्रात जाळ्याच्या दोरात पाय अडकला तर कमरेची सुरी हाच काय तो देव, म्हणून धाकूच्या सुरीशिवाय कोणी होडीत पाऊल टाकत नसे. प्रत्येक पात्यावर त्याचा ठसा असायचा, एक गोल आणि मधे टिंब. लोक त्याला ‘धाकूचा डोळा’ म्हणत.

आता या ठशाची एक अडचण ऐका. पातं लालभडक असतानाच तो ठोकावा लागतो. एकदा पाण्यात बुडवून पाणी दिलं की पोलाद इतकं कडक होतं, की ठसा उमटतच नाही. म्हणजे ठसा ठोकून लोहार शब्द आधी देतो आणि परीक्षा मागून होते. म्हणून पाणी दिल्यावर धाकू प्रत्येक सुरी ऐरणीवर हलकेच वाजवी आणि कान देऊन ऐके. खणखणली तर द्यायची, बद्द वाजली तर मोडायची. विकलेल्या सुऱ्यांपेक्षा मोडलेल्यांचा ढीग मोठा होता, असं म्हणतात. ढीग कोणी मोजला ते मात्र विचारू नका.

एका वर्षी नारळी पौर्णिमेला पाच सुऱ्या द्यायच्या राहिल्या होत्या. दुसऱ्या सकाळी होड्या निघायच्या. त्यात भट्टीच्या दारावरून नारळाची मिरवणूक चाललेली, ढोल असे की कानठळ्या बसाव्यात. धाकूने सुरी ऐरणीवर वाजवली. काही ऐकू आलं नाही. पुन्हा वाजवली. बाहेर माणसं खोळंबली होती.

“वाजली असंल,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि पाचही सुऱ्या देऊन टाकल्या.

आठव्या दिवशी पोशा कोळ्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं. पायाला दोराचा पीळ, मुठीत मोडकी सुरी. त्याची बायको हौशी ती सुरी घेऊन भट्टीत आली. मागे सगळा कोळीवाडा.

“दादा, ठसा तुझाच हाय ना?”

धाकूने तुकडा उजेडात धरला. मोडलेल्या जागी लोखंड अर्धं पांढरं होतं आणि अर्धं काळं. काळं म्हणजे चीर जुनी, पाण्यात बुडवतानाच पडलेली. हे त्या गर्दीत एका लोहारालाच कळत होतं. म्हातारे म्हणत होते, “दर्याने नेला, तो काय करील?” धाकू गप्प राहिला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती.

“ठसा माझा,” तो म्हणाला. “आनि चूकबी माझीच. मी ऐकलंच नाय, हौशे.”

हौशीने हंबरडा फोडला. धाकूच्या मनात मात्र दुसराच घाव बसत होता. त्याच दिवशीच्या चार सुऱ्या अजून समुद्रात होत्या, चार होड्यांत, चार कमरांना. आणि आभाळ काळवंडून आलं होतं.

चौघांना न उचलवणारी ऐरण त्याने एकट्याने पाठीवर घेतली, असं म्हणतात. खाडीच्या तोंडावरच्या कातळावर ती ठेवली आणि घण घालू लागला. पाऊस कोसळला, वारा सुटला, तरी घण थांबला नाही. हाताची सालटी निघाली. तीन कोसांवर, जिथे किनाऱ्यावरचा शंखसुद्धा ऐकू येत नाही, तिथे कोळ्यांना ऐरणीचा नाद पाण्यावरून येताना ऐकू आला. गावावर काही तरी बेतलंय, असं समजून त्यांनी होड्या वळवल्या. चारही होड्या परत आल्या.

धाकूने कोणाशी बोलायच्या आधी त्यांच्या सुऱ्या मागून घेतल्या आणि हौशीला कातळावर बोलावलं.

“मी वाजवतो, तू ऐक. माझ्या कानाचा मला भरवसा नाय.”

हौशी ऐरणीपाशी बसली आणि कान दिला. दोन सुऱ्या खणखणल्या, दोन बद्द वाजल्या. त्या दोन धाकूने मोडल्या तेव्हा आत काळं निघालं. दोन घरं वाचली होती. पोशा काही परत येणार नव्हता, आणि हे धाकू मरेपर्यंत विसरला नाही. त्याची एकही सुरी त्यानंतर हौशीने ऐकल्याशिवाय बाहेर गेली नाही. तिने त्याला माफ केलं की नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

ऐरणीची खोबण त्या कातळात अजून आहे. दर नारळी पौर्णिमेला खारवंडीचे लोक सगळ्या सुऱ्या तिथे आणतात. लोहार खोबणीत ऐरण बसवतो आणि पहिला घाव रिकाम्या ऐरणीवर घालतो, तो पोशाचा. मग एकेक सुरी वाजते, आणि कोळीवाड्यातली सर्वांत वडीलधारी बाई डोळे मिटून ऐकते. ढोलवाले हातात टिपऱ्या घेऊन उभे असतात. शेवटच्या सुरीला ती बाई “नाद हाय” म्हणेपर्यंत गावात एकही ढोल वाजत नाही.