शेजाऱ्याच्या छपराची गाठ

हल्ली छप्पर उडालं की लोक वाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. दोर बांधायचा कंटाळा कोणी केला, शेजाऱ्याच्या घराकडे बघायचं कोणी सोडलं, यावर मात्र सगळे गप्प! म्हणून ही त्या काळातली गोष्ट, जेव्हा वारा आजच्याइतकाच दांडगा होता.

फार पूर्वी एका खिंडीखाली एक गाव होतं. थंडी सरता सरता डोंगरमाथ्यावरची गार, जड हवा उताराने खाली धावायची. वाटेत दोन कड्यांमधली अरुंद खिंड. नळीतून फुंकर सुटावी तशी ती तिथून सुसाट सुटायची आणि गवताच्या गंजी, गोठ्यांचे कूड, सापडेल ते उडवून न्यायची.

म्हणून वाऱ्याआधी गावात बांधणीचा दिवस असायचा. गवती छपरांवरून वाखाचे दोर टाकायचे, टोकांना दगड बांधायचे. पण आपलं छप्पर आपण बांधायचं नाही, शेजाऱ्याने बांधायचं. स्वतःच्या कामाला माणूस ‘उद्या बघू’ म्हणतो. दुसऱ्याच्या दारात तसं म्हणायला लाजतो. अंगणाअंगणात दोर वळले जायचे, पोरं दगड वाहायची, आणि छप्पर ज्याचं, त्याच्याकडे बांधणाऱ्याचं जेवण. काय गजबज असायची त्या दिवशी!

त्या गावात वरच्या अंगाला एका मेंढपाळाचं घर होतं, त्याच्या खाली सुताराचं. एका वर्षी मेंढपाळाच्या कोकराने सुताराचा वालाचा वेल फस्त केला आणि दोघांचं बिनसलं. बांधणीच्या दिवशी सुतार मेंढपाळाच्या छपरावर चढला, पण तोंड फुगवून.

“गाठ नीट मार रे,” मेंढपाळ खालून म्हणाला.

“मला नको शिकवू. तुझ्या कोकराला शिकव!”

सुताराने गाठी मुद्दाम सैल ठेवल्या. घरी आल्यावर त्याची बायको म्हणाली, “अहो, त्यांचा दोर लोंबतोय. वारा तिकडूनच आपल्याकडे येतो ना?”

“येऊ दे. अद्दल घडेल त्याला.”

मग मेंढपाळ सुताराच्या छपरावर चढला. त्याने दोर असा ओढला की वासे करकरले.

“अरे, घर मोडशील माझं!” सुतार ओरडला.

“राग आलाय मला! हळू ओढता येत नाही!”

सुताराची लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. होणाऱ्या नातवंडासाठी सुताराने हिवाळाभर खपून सागवानी पाळणा घडवला होता. तो पडवीत ठेवलेला असे आणि लेक रोज त्याच्याशेजारी बसून गोधडी शिवत असे.

एका दुपारी खिंड घुमू लागली. लेक सुईदोरा घेऊन आत आली, आणि तेवढ्यात मेंढपाळाचं छप्पर वाशांसकट, दगडांसकट उचललं गेलं. ते थेट सुताराच्या पडवीवर आदळलं. पडवी बसली. पाळण्याच्या चिरफळ्या झाल्या.

सुतार लेकीकडे बघतच राहिला. क्षणभर आधी ती तिथेच होती.

दारावर थापा पडल्या. बाहेर मेंढपाळ, त्याची बायको, पोरं आणि काखेत तेच कोकरू. सुताराने सगळ्यांना आत ओढलं. डोक्यावर दोर किंचाळत होते, पण मेंढपाळाने मारलेली एकही गाठ ढळली नाही.

सुताराला राहवेना. “तुझ्या गाठी मी सैल ठेवल्या होत्या,” तो म्हणाला. “मुद्दाम.”

मेंढपाळाने काखेतलं कोकरू खाली ठेवलं. मग म्हणाला, “आधी दार लाव. वारा आत येतोय.”

वारा पडल्यावर सुताराने मेंढपाळाचं छप्पर नव्याने घातलं आणि गावाला बोलावून प्रत्येक गाठ ओढून बघायला लावली. मेंढपाळाने पाळण्यासाठी रानातून सागाचं लाकूड आणून दिलं. जेवताना त्यांची वालावरून पुन्हा जुंपलीच.

गावाला दोर वळून देणारी मावशी पंगतीत बसली होती. या गोष्टीचं तात्पर्य तिनेच सांगून टाकलं: “भांडा की, बाबांनो, पोटभर भांडा! पण आधी एकमेकांची छपरं बांधा, आणि मग भांडायला बसा.”