सटव्यानं पंप राखला

एका शहरात एक भोळा माणूस राहायचा. भोळा हे लोकांचं म्हणणं. डोकं न वापरणाऱ्याला लोक फार लवकर भोळा म्हणतात. त्याचं नाव सटवा.

नदीला पूर आला, अर्ध्या शहरात पाणी शिरलं. सटव्याच्या मामाचा धंदाच तो. पाणी उपसायचं, जागा वाळवून द्यायची. मामीच्या पाटल्या मोडून घेतलेला एक पंप होता, त्यावर घर चालायचं. आणि अशा धंद्यात मामानं हाताखाली घेतलं कुणाला? तर सटव्याला! का, तर बहिणीचा लेक. मामाही काही कमी नव्हता.

पहिलं काम तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात. मामा म्हणाला, "सटव्या, घरातलं पाणी बाहेर काढ."

सटव्यानं काढलं. माठातलं काढलं, हंड्यातलं काढलं. माशांची काचपेटी होती, तीही गटारात ओतली. गाद्या तशाच भिजून फुगलेल्या.

"अरे मेल्या, ओलं दिसेल ते उचलून उन्हात ठेवायचं!"

"असं होय? आता ठेवीन, मामा."

पुढचं काम बर्फाच्या कारखान्यात. सटव्यानं लाद्यांना हात लावून पाहिला. ओल्याच! मग काय, एकेक पाठीवरून वाहिली आणि अंगणात रणरणत्या उन्हात ओळीनं मांडली. मालक धावत आला तेव्हा भुसा आणि डबकं उरलं होतं.

"शेठ, कडेनं वाळायला लागलंय बघा," सटवा म्हणाला.

मामानं कपाळ बडवलं. "गाढवा, माल जागच्या जागी ठेवायचा. पंखे लावायचे, वारा सोडायचा!"

"असं होय? आता सोडीन, मामा."

मग गुलालाचं दुकान. जमीन ओली, वर फळ्यांवर गुलाल कोरडा. सटव्यानं पोती उघडली, मोठे पंखे समोर लावले, बटण दाबलं. रस्त्यानं कुणाची तरी तिरडी चालली होती. खांदेकरी लाल, भटजी लाल, आणि वरचा म्हातारा नवरदेवासारखा सजला.

"अरे बैला, पूड उडते तिथं आधी पाणी शिंपडायचं!"

"असं होय? आता शिंपडीन, मामा."

शेवटी सिमेंटचं गोदाम. मामानं खड्ड्यात पंप बसवून सगळं पाणी उपसलं. गोण्या उंचावर, कोरड्या ठणठणीत. मामाला बाहेरगावी जायचं होतं. सटव्याला ठेवून जायची बुद्धी झाली, तिला काय म्हणावं?

"कशाला हात लावू नकोस. फक्त पंप राख. चोर टपलेत. काही झालं तरी पंप हलता कामा नये!"

मामा गेला. एका फाटक्या गोणीतून पूड उडाली. सटवा हसला. धडा पाठ होता. त्यानं साऱ्या गोण्या फोडल्या आणि नळी लावून मन भरेपर्यंत पाणी शिंपडलं. चिखल झाला, ओघळला, खड्डा काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी मामा दारातच थबकला. "सटव्या... माझा पंप?"

सटव्यानं खड्ड्याच्या जागी झालेल्या दगडावर थाप मारली.

"चोराचं सोडा, मामा. तुम्ही हलवून दाखवा."