बाटली कवा उघडलीस?

“…मग यात खोट काय आहे, वस्ताद?”

गाडीच्या मालकानं विचारलं. बाबालाल मुल्लाणी पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते आणि आतलं ब्रेक पॅड न्याहाळत होते.

गाडी लाल, छोटी, दोन दरवाजांची. मालकापेक्षा नऊ वर्षांनी थोरली. मूळचं इंजिन काढून मालकानं दीडपट ताकदीचं बसवलं होतं, त्यामुळे चढावर ती नुसती उड्या मारायची. आज मात्र उतरायचं होतं.

मालक अभिराम खाडिलकर. कॉलेजात असताना दोन सुट्ट्या वस्तादांच्या याच गॅरेजात काढलेल्या. पाना धरायला तो बाबालालांकडेच शिकला. पुढे पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि वस्तादांना जे येत नाही ते आपल्याला येतं, असं त्याला वाटू लागलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

गॅरेज कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या एका घाटाच्या तोंडाशी. जुन्या गाड्या हौसेनं पाळणारी मंडळी वर्षातून एकदा तिथं जमायची आणि घड्याळ लावून घाट उतरायची. दहा वाजता पहिली गाडी सुटायची. सकाळपासून रस्ता बंद केलेला.

रिवाज एकच. बाबालालांनी ब्रेक बघून ‘जा’ म्हटल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

तेरा गाड्यांना त्यांनी ‘जा’ म्हटलं होतं. चौदाव्यापाशी ते बसूनच राहिले.

“पॅड कुठलं?”

“बाहेरच्या देशातून मागवलंय. शर्यतीचं. कितीही तापलं तरी पकड सोडत नाही.”

“आन् थंड असताना?”

“…दोनचारदा दाबलं की तापतं.”

“हं.”

नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर शलाका बसली होती. तिच्या मांडीवर वळणांची वही होती, हातात घड्याळ. कुठलं वळण किती सेकंदांत, हे तिनं ओरडून सांगायचं, असं ठरलं होतं. ती वहीतून मान वर काढत नव्हती.

“तेल?”

गॅरेजात ब्रेकच्या तेलाला सगळे नुसतं तेलच म्हणतात. अभिरामनं डिकीतून बाटली काढली आणि लेबल वस्तादांच्या डोळ्यांपुढे धरलं.

“हेही शर्यतीचंच. आपल्याकडे मिळत नाही.”

बाबालालांनी लेबल वाचलं नाही. ते झाकणाकडे बघत होते.

“बाटली कवा उघडलीस?”

अभिरामनं बाटली खाली घेतली.

बाटली त्यानं गुढीपाडव्याला उघडली होती. अर्धी वापरून फळीवर ठेवली. तिथं तिनं सबंध पावसाळा काढला. परवा नवे पॅड घालताना त्यानं जुनं तेल काढून टाकलं आणि तीच उरलेली अर्धी बाटली ओतली. नवी मागवायची तर बारा दिवस लागणार होते. कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं, सीलबंद तेल घालायचं त्याला कमीपणाचं वाटलं.

त्याला कळत नव्हतं असं नाही. पहिल्याच सुट्टीत बाबालालांनी शिकवलं होतं. उघडं तेल हवेतलं पाणी पितं. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेवर पाय दाबला की पेडल सरळ खाली जातं, ब्रेक लागतच नाही.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

“परवा,” तो म्हणाला.

शलाकानं मान वर केली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वहीकडे.

बाबालाल उठले. हात पुसले.

“ताई, तुमी जरा उतरा. आत खुर्ची हाय, चा घ्या.”

मग अभिरामला म्हणाले, “तू हितं बस.”

“मी? डावीकडे?”

“जितं ती बसणार हाय, तितं.”

चावी वस्तादांच्या हातात गेली. अभिराम डाव्या सीटवर बसला. सीट शलाकाच्या उंचीला पुढे ओढलेली होती, त्याचे गुडघे समोर टेकले. तिची ओढणी तिथंच राहिली होती. ती त्यानं मांडीवर घेतली, कारण दुसरी कुठं ठेवायला जागा नव्हती.

गाडी उताराला लागली.

पहिलं वळण उजवीकडे. बाबालाल सरळ वळणाच्या अंगावर गेले आणि शेवटच्या क्षणी वळले. अभिरामचा उजवा पाय पत्र्यावर दाबला गेला. तिथं पेडल नव्हतं.

“तेल नवं हाय न्हवं?”

“हो.”

दुसरं वळण. टायर ओरडले. इंजिनही ओरडत होतं, पण ते ऐकायला माणसाचे कान जाग्यावर लागतात.

“नवं हाय न्हवं?”

“हो म्हटलं ना.”

तिसऱ्यानंतर उतार वाढला. ब्रेक आता तापले असतील, अभिरामच्या मनात आलं. पॅड टिकेल. पॅडची त्याला काळजी नव्हती. आतलं तेल… सगळं आयुष्य त्यानं उजवीकडे बसून गाडी हाकली होती. या बाजूला बसलं की करण्यासारखं काहीच नसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

चौथ्या वळणावर डावीकडचा कठडा संपला. त्याच्या खिडकीखाली जमीनच नव्हती. खूप खाली झाडांचे शेंडे दिसले.

“नवं हाय न्हवं, लेका?”

त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

गाडी कशीबशी वळली. समोर पाचवं.

बाबालालांचा चेहरा तसाच. ते रस्त्याकडे बघत होते, जणू बाजूला कुणी नाहीच. अभिरामनं खाली पाहिलं. त्याच्या मुठीत ओढणीचा बोळा झाला होता. तो भ्याला. स्वतःसाठी तो चौथ्या वळणापर्यंत भीत होता. आता ती भीती शलाकासाठी झाली आणि त्याला सोसवेना.

“थांबवा! वस्ताद, थांबवा! तेल पाडव्याचं आहे… खोटं बोललो मी!”

बाबालालांनी पहिला गिअर टाकला. इंजिन किंचाळलं. मग हँडब्रेक हळूहळू वर ओढत त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला नेली आणि उभी केली.

दोघंही उतरले. अभिरामला रडू येत होतं आणि ते लपवायची त्याला आता गरज वाटली नाही.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि हात पुढच्या चाकाच्या आत, थेट ब्रेकवर नेऊन ठेवला.

अभिरामनं हात झटकन मागे घेतला. मग थांबला. पुन्हा स्वतःच लावला.

पाच वळणं उतरून आलेलं चाक… थंडगार होतं.

“म्हणजे तुम्ही ब्रेक…”

“लावलाच न्हाई. दुसऱ्या गिअरात आलो, इंजनानंच गाडी धरली. पाय बाजूला हुता.”

अभिराम चाकापाशीच बसून राहिला. मग त्याला राग आला. खरं बोललेल्या माणसाला येतो तसा, जरा उशिरा.

“बाटली बघूनच कळलं होतं तुम्हाला.”

“झाकणावर कोळ्याचं जाळं हाय.”

“मग वरच का नाही सांगितलंत? सगळ्यांदेखत मला ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतंत. नसतो उतरलो. एवढं… एवढं कशाला?”

बाबालालांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. चिमूट मळली. दाढेत धरली.

वर, घाटाच्या तोंडाशी, तेरा गाड्यांची इंजिनं सुरू झाल्याचा आवाज आला.

“कितव्या वळणावर बोललास?”

“…पाचव्या.”

वस्ताद वरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

“दरी चौथ्याला हाय.”